न चकाकणारे चाक कसे धुवावे?

देवळीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या धुण्याची काही ठिकाणे आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी काम करणारा एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, माझ्याकडे आला. काही वर्षांपूर्वी तो आमच्या महाविद्यालयात बारावीला होता. पुढे घरच्या अडचणीमुळे त्याचे शिक्षण सुटले. वर्गात तो फारसे बोलत नसे, पण प्रयोगशाळेत त्याचा हात चांगला चालत असे, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला होता. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एका चाकाचा फोटो माझ्यासमोर धरला.

"सर, हे पाहा न. फडकं नवं होतं. आधी प्रेशरनं पाणीबी मारलं होतं. मंग असं कसं झालं?"

हल्ली काही मोटारींच्या चाकांना चकचकीत रंगाऐवजी मॅट रंग देतात, हे तुम्ही पाहिले असेल. अशी चाके काळी, पण अजिबात न चमकणारी असतात. फोटोतले चाक तसेच होते. मात्र त्याच्यावर वळणदार बारीक रेघा उमटल्या होत्या आणि दोन ठिकाणी हाताच्या पंजाएवढे तेलकट चमकणारे डाग पडले होते. मोटारीच्या मालकाने चारही चाके नव्याने रंगवून मागितली होती, आणि तो खर्च या मुलाच्या पगारातून कापला जाणार होता. दोन महिन्यांच्या पगाराहून ती रक्कम अधिक होती.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मोटार माझ्याकडे नाही. पहिल्याने मी सगळा दोष फडक्यालाच दिला. "नवे म्हणजे खळ असलेले कडक कापड असणार," असे मी त्याला म्हणालो. हे माझे म्हणणे चुकीचे निघाले. ते कसे चुकीचे निघाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

फळा आणि चाक

चाकाकडे वळण्यापूर्वी आपल्या वर्गातील फळ्याकडे पाहा. नवा रंगवलेला फळा कोठूनही वाचता येतो. वर्षदोन वर्षांनी मात्र खिडकीच्या विरुद्ध बाजूला बसणारी मुले कुरकुर करू लागतात, "सर, चमकते, दिसत नाही." फळ्याचा मधला भाग, जेथे डस्टर सर्वांत जास्त फिरतो, तोच सर्वांत अधिक चमकतो. म्हणजे पुसून पुसून फळा स्वच्छ तर झाला, पण बिघडलाही.

याचे कारण प्रकाशाच्या परावर्तनात आहे. गुळगुळीत पृष्ठावर पडलेले समांतर किरण परावर्तनानंतरही समांतरच राहतात, म्हणून खिडकीची प्रतिमा आपल्या डोळ्यात शिरते. खडबडीत पृष्ठावर मात्र प्रत्येक उंचवट्याचा उतार वेगळा असतो. परावर्तनाचा नियम प्रत्येक किरण पाळतोच, पण लंबच जागोजागी वेगवेगळ्या दिशेला असल्याने किरण चहूकडे विखुरतात. याला आपण अनियमित परावर्तन म्हणतो. सर्व दिशांनी सारखेच तेजस्वी दिसणाऱ्या आदर्श पृष्ठाचा नियम योहान हाइनरिख लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये मांडला.

आता प्रश्न असा, की गुळगुळीत कशाला म्हणायचे आणि खडबडीत कशाला? बोटाला जे गुळगुळीत लागते ते प्रकाशाला तसे लागेलच असे नाही. लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निकष आहे: समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी उंचवटे तरंगलांबीच्या आठव्या भागाहून लहान असतील, तर ते पृष्ठ गुळगुळीत समजावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिचा आठवा भाग म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रॉन. तुमचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या हजाराव्या भागाएवढे उंचवटेसुद्धा चकाकी कमी करू लागतात.

मॅट रंग तयार करताना नेमके हेच साधतात. रंगावरच्या पारदर्शक लेपात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. लेप वाळताना आकसतो, कण आकसत नाहीत, आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म टेकड्या उभ्या राहतात. चाकाचा 'मॅटपणा' म्हणजे या टेकड्या. त्या मोडल्या की मॅटपणा गेला.

येथे चकचकीत आणि मॅट रंगांत एक गमतीचा उलटेपणा दिसतो. चकचकीत रंगावर ओरखडा पडला तर गुळगुळीत जागेत खडबड निर्माण होते. ती पॉलिश करून, म्हणजे आजूबाजूचा थर किंचित घासून, सपाट करता येते. मॅट रंगावर ओरखडा म्हणजे टेकड्या दाबून तयार झालेली एक अरुंद सपाट वाट. ती वाट आरशासारखी वागते आणि काळ्या चाकावर उजळ रेघ दिसते. तेथे पॉलिश लावून घासले, तर वाटेच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्याही सपाट होतात. रेघ नाहीशी होते, पण तिच्या जागी डाग येतो. या मुलाने घाबरून नेमके तेच केले होते.

"मग धुतानाच तुला रेघा दिसल्या नाहीत?" असे मी त्याला विचारले.

"ओलं होतं तवा एकदम झकास दिसत होतं सर. वाळल्यावर दिसल्या."

हेही बरोबरच आहे. ओल्या फडक्याने पुसलेला फळा काही क्षण किती गडद काळा दिसतो, ते आठवा. पाणी खळग्यांत भरते, टेकड्या बुडतात, वर पाण्याचा सपाट पृष्ठभाग उरतो. ओले मॅट पृष्ठ हे तेवढ्यापुरते चकचकीतच असते. त्याच्यावरची घाण दिसत नाही आणि इजाही दिसत नाही. तेलाचेही तसेच, फक्त तेल वाळून जात नाही. त्यामुळे मॅट चाकावर चमकणारा डाग दिसला की लगेच घाबरू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने तो धुऊन वाळू द्यावा. डाग गेला, तर टेकड्या शाबूत आहेत, वर नुसते तेल होते. न गेला, तर टेकड्याच गेल्या. आम्ही हे त्या चाकावर करून पाहिले. दोन डागांपैकी एक बराचसा गेला. तो टायरला लावायच्या पॉलिशचा होता. दुसरा तसाच राहिला.

दोषी कोण?

त्या दिवशी दुपारी मी भिंग घेऊन त्याच्याबरोबर गेलो. मोबाइलचा दिवा चाकाच्या अगदी कडेने, तिरपा धरला तेव्हा रेघा स्पष्ट झाल्या. त्या सरळ नव्हत्या. हात गोल फिरवल्यावर जशा वळतील तशा वळल्या होत्या. आणि एकाच वळणाच्या तीनचार रेघा ठरावीक अंतर राखून बरोबरीने गेल्या होत्या. शेतात वखर फिरवल्यावर पासेची खूण जशी एकसंध उमटते तशी ही खूण नव्हती. डवऱ्याच्या दात्यांसारखे काहीतरी टोकदार त्या फडक्याबरोबर फिरले होते. आख्ख्या कापडाने असे होत नाही.

कोणता पदार्थ कोणावर ओरखडा काढू शकतो हे ठरवण्याची सोपी श्रेणी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये तयार केली. शंखजिरे १ आणि हिरा १०. आपले नख सुमारे अडीच, काच साडेपाच, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ ७. वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्यावर ओरखडा काढतो. कापसाचा धागा या श्रेणीत कोठेच येत नाही, इतका तो मऊ. कपाशीच्या मुलखात राहून कापसाची बाजू घ्यायला मला लाज वाटायचे कारण नाही: कापड निर्दोष होते.

रंगाच्या थराची कठीणता मोजण्याची रीत तर तुमच्या कंपासपेटीतच आहे. रंगाच्या कारखान्यांत वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली घेतात, बी., एच.बी., एच., टू-एच. अशा. शिसे सपाट घासून पेन्सिल ४५ अंशांत ठरावीक वजनाने पुढे ढकलतात. ज्या पेन्सिलीने पहिल्यांदा थर कापला जातो तिच्या अलीकडची पेन्सिल ही त्या थराची कठीणता. मोटारीच्या रंगावरचे लेप एच. किंवा टू-एच.च्या आसपास येतात. म्हणजे चित्रकलेच्या पेटीतल्या कठीण पेन्सिलीपुढे जो थर हार मानतो, तो गारगोटीपुढे काय टिकणार?

मग आपल्या गावच्या धुळीत काय आहे ते पाहू. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लाव्ह्याचा तो खडक; तो झिजून आपली काळी कापसाची जमीन झाली. या काळ्या मातीतला चिकण भाग, ज्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात, मोसच्या श्रेणीत जेमतेम १ ते २. तो नखाहून मऊ आहे. त्याचे पत्र्यासारखे अतिपातळ थर पाणी पिऊन फुगतात, म्हणून पावसाळ्यात चपलेला किलोकिलो चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. परंतु त्याच मातीत न कुजलेल्या बेसाल्टचे कण असतात; त्यांतले फेल्स्पार सुमारे ६. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या अकीक-गारगोटीचे तुकडे असतात, ते ७. भरीला बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेली वाळू, तीही बहुतांशी क्वार्ट्झच.

थोडक्यात, चिखल हा गोंद आणि वाळूचा कण ही छिन्नी. असा कण फडक्याखाली सापडला की काय होते त्याचा हिशेब करा. बोटांनी टाकलेल्या दाबापैकी फक्त एका ग्रॅमच्या वजनाएवढे बल, म्हणजे सुमारे ०.०१ न्यूटन, एका कणाच्या वाट्याला आले असे धरू. कणाच्या टोकाचे क्षेत्रफळ १० चौरस मायक्रॉन धरले, तर दाब होतो १०० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट! आपण अगदी हळुवार पुसत असलो तरी कणाच्या टोकाखाली हळुवार असे काही नसते.

पाण्याचा झोत कोठे कमी पडतो

"पण सर, पाणी तर प्रेशरनं मारलं होतं." हा त्याचा मुद्दा खरा होता. एवढ्या जोराच्या झोतापुढे कण टिकले कसे?

याचे उत्तर तुमच्या डोक्यावर फिरत असते. छताचा पंखा दिवसभर वारा कापतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचते. वारा तिला उडवून का नेत नाही? कोणताही द्रव किंवा वायू घन पृष्ठावरून वाहताना पृष्ठाला अगदी लागून असलेला थर जवळजवळ स्थिर असतो. वेग पृष्ठापासून दूर जाताना वाढत जातो. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये या सीमास्तराची कल्पना मांडली, आणि पुढे विमानाच्या पंखांचे सारे शास्त्र तिच्यावर उभे राहिले. मोठा खडा या स्थिर थरातून डोके वर काढतो आणि झोताबरोबर वाहून जातो. बारीक कण त्या थरात दडून बसतात. शिवाय कण जितका लहान, तितके त्याला ढकलणारे बल झपाट्याने कमी होते. चिकटून राहण्याचे बल मात्र तितक्या वेगाने कमी होत नाही. मॅट पृष्ठावर तर दडायला खळगेही आहेत.

म्हणून झोत ही फक्त पहिली पायरी. त्याने वरचा चिखल आणि खडे जातात. उरलेल्यासाठी दोन गोष्टी लागतात: वेळ आणि साबण. चिकण माती पाणी पिऊन सैल व्हायला काही मिनिटे लागतात; ती दिली पाहिजेत. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, अपमार्जक घातल्यावर तो तिशीच्या आसपास येतो. मग पाणी खळग्यांत शिरते, कणाच्या खाली पोहोचते आणि कण सुटतो.

येथे थोडे विषयांतर करतो. पृष्ठताणाच्या मोजणीची एक महत्त्वाची पद्धत आग्नेस पोकेल्स नावाच्या जर्मन स्त्रीने स्वयंपाकघरात शोधून काढली. १८६२ मध्ये जन्मलेल्या या बाईंना विद्यापीठात शिकता आले नाही. घरातली भांडी घासताना पाण्यावर पसरणारे तेलकट थर पाहून त्यांनी पत्र्याच्या पन्हळीत प्रयोग केले आणि १८९१ मध्ये ते लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. आपण वर ज्यांचा निकष पाहिला तेच हे रॅले. त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले व ते त्याच वर्षी छापून आले. धुण्या-घासण्याच्या कामात विज्ञान नसते असे कोणी म्हटले, तर त्याला हे पत्र दाखवा.

बादलीचा तळ

झोत मारल्यावर साबणाचा फेस, मग नवे फडके, एवढे सगळे या मुलाने केले होते. तरी रेघा उमटल्या. तेव्हा मी त्याला म्हणालो, "तू रोज जसे धुतोस तसे माझ्यासमोर एक चाक धू." त्याने बादली आणली. तिच्यातले पाणी चहासारखे झाले होते. टायर, चिखलपंखा, दाराच्या कडा आणि चाक, सगळ्यांना तेच पाणी. आणि बादली त्याच्या एकट्याची नव्हती. तिघेजण तीच वापरत होते.

"पाणी गढूळ झालं की बदलतो सर," तो म्हणाला.

गढूळपणा हाच बदलण्याचा संकेत, असे मलाही आधी वाटले. पण मग आम्ही त्या पाण्याची एक काचेची बरणी भरली, ढवळली आणि ठेवून दिली. दोन मिनिटांत तळाशी करड्या रेतीचा पातळ थर बसला. वरचे पाणी संध्याकाळपर्यंत गढूळच होते. तळची रेती बोटांच्या चिमटीत चुरचुरली. वरचे गढूळ पाणी बोटाला साबणासारखे मऊ लागले.

द्रवात खाली बसणाऱ्या लहान गोल कणाचा वेग काढण्याचे सूत्र जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिले. हा वेग कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. क्वार्ट्झचा ५० मायक्रॉन व्यासाचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर खाली जातो. २५ सेंटिमीटर खोल बादलीत दोन मिनिटांत तळ गाठतो. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच्या पंचवीसपट वेळ लागेल, म्हणजे पाऊण तास. २ मायक्रॉनच्या चिकण कणाला जवळजवळ दिवसभर. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः काढून पाहावेत.

म्हणजे बादलीत आपोआप निवड होते: कठीण आणि मोठे कण तळाशी, मऊ चिकण माती वर. पाण्याला गढूळ करते ती माती बहुतांशी निरुपद्रवी. ओरखडे काढणारी रेती खाली, नजरेआड. आणि हा मुलगा, तुम्ही-आम्ही सगळेच करतो तसे, प्रत्येक वेळी फडके बादलीच्या तळापर्यंत दाबून खळबळवत होता. नवे फडके पहिल्याच बुडीत रेतीने भरत होते.

हा तर्क तपासायला आम्ही एक प्रयोग केला. तो तुम्हालाही करता येईल. हार्डवेअरच्या दुकानातून फळ्याला द्यायचा काळा रंग आणा. तो मॅटच असतो. पत्र्याच्या तुकड्यावर त्याचे दोन हात द्या आणि चांगले दोनतीन दिवस वाळू द्या. (रंगकाम मोकळ्या हवेत करावे, आणि पत्र्याच्या धारदार कडा शिक्षकांकडून वाकवून घ्याव्यात.) पत्र्याचे तीन भाग करा. एक भाग स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या फडक्याने वीस वेळा पुसा, दुसरा बरणीतल्या वरच्या गढूळ पाण्याने, तिसरा तळच्या गाळात बुडवलेल्या फडक्याने. प्रत्येक वेळी कापड तेच, दाब शक्य तितका सारखा. वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपी धरून भिंगातून पाहा. आमच्या पत्र्यावर पहिल्या दोन भागांत फरक करणे कठीण गेले. तिसऱ्या भागावर रेघांचे जाळे होते.

हा पत्रा आणि ती बरणी घेऊन मी त्या ठिकाणच्या मालकांकडे गेलो. ते सज्जन आहेत, पण धंदा धंद्याच्या जागी. बादली तिघांची आहे, हे त्यांना मान्य झाले; चाकाला पॉलिश लावून घासायला कोणी सांगितले नव्हते, हेही त्यांनी मला मान्य करायला लावले. पगारातली कपात निम्म्यावर आली. मला स्वतःला ती पुरती रद्द व्हावी असे वाटत होते.

मग धुवावे कसे?

चाक थंड असताना, सावलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभे असलेले काळे चाक त्याहून खूप तापते. त्यावर मारलेले पाणी पुसण्यापूर्वीच वाळते आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार खळग्यांत पांढरे उरतात. माठाच्या बाहेरच्या अंगावर पांढरे पुटे चढतात तशीच. चकचकीत पृष्ठावरचे असे ठिपके घासून काढता येतात. मॅटवर घासणे आले की वरची सगळी कथा पुन्हा सुरू. शेवटचा हात शक्य तर पावसाच्या किंवा गाळणयंत्रातल्या मऊ पाण्याचा द्यावा.

पाण्याचा झोत आधी वरून खाली. मग फेस लावून चारपाच मिनिटे थांबणे, पण वाळू न देणे. मग पुन्हा पाणी. इतके झाल्यावरच कापड. कापड लव असलेले हवे. टर्किश टॉवेलचा जुना तुकडा चालेल. मायक्रोफायबरचे कापड अधिक चांगले, कारण त्याच्या केसाहून कितीतरी बारीक तंतूंमध्ये कण आत शिरून पृष्ठापासून दूर राहतो. मांजरपाटासारख्या सपाट कापडावर तो वरच राहतो. गॅरेजमधले कॉटन वेस्ट मात्र नको. त्यात आधीच काय अडकले आहे ते कोणालाच ठाऊक नसते. कापड गोल न फिरवता एका दिशेने, आपल्या वजनानेच ओढावे. आणि बादल्या दोन: एक साबणाची, दुसरी फडके विसळण्याची. विसळण्याच्या बादलीत तळापासून चार बोटे वर एक जाळी बसवली की फडके गाळापर्यंत पोहोचत नाही. टायरची बादली आणि टायरचे फडके वेगळेच. सुकवताना पुसण्याऐवजी कापड टेकवून पाणी टिपावे.

साबण कोणता? हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्या. कपड्यांच्या पावडरीचे पाणी त्याला लाल करते, कारण तिच्यात धुण्याचा सोडा म्हणजे अल्क असते. चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि रंगाचा टवका उडालेल्या जागी अल्क त्या धातूला खाते. रिठ्याचे पाणी किंवा केसांचा साधा शाम्पू हळदीला पिवळीच ठेवतो, तो चालेल. संडास साफ करायचे ॲसिड काही जण वापरतात. ते चाकाला, ब्रेकला आणि हाताला, तिघांनाही वाईट.

आणखी एक घाण आहे, ती रस्त्यावरून येत नाही. बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर काळी-तांबूस होतात. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात. शिवाय पुढे उघड्या डिस्क असतात आणि मागे बरेचदा झाकलेले ड्रम. ओतीव लोखंडाच्या डिस्कचा तापलेला चुरा चाकाच्या खळग्यांत रुततो आणि पाणी लागून गंजतो. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक उभ्या, थंड गाडीच्या चाकाजवळ धरून हा चुरा तुम्ही गोळा करू शकता (फुंकर मारू नका, तो श्वासात जाऊ नये). तारेच्या ब्रशने तो खरवडणे म्हणजे आत्मघात. लोहकण विरघळवणारी द्रावणे बाजारात मिळतात; लोखंडाशी संयोग होऊन ती जांभळी होतात. घेण्याआधी त्यावर मॅट रंगाला चालेल असे लिहिले आहे का ते पाहावे. पण दर आठवड्याला चाक धुतले, तर चुरा गंजण्याइतका मुरतच नाही.

घरात मॅट रंगाचे हेल्मेट किंवा मोटारसायकलची मॅट टाकी असेल, तर तिलाही हेच सारे लागू आहे. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय तेवढी मोडावी लागेल.

त्या मुलाकडे परवा गेलो होतो. बादल्या आता तीन झाल्या आहेत. टायरच्या बादलीवर त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने 'टायर' असे ठळक लिहिले आहे, आणि तिच्यातले फडके चुकून कोणी दुसरीकडे बुडवले की तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडतो. बरणी त्याने खिडकीत ठेवली आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ती एकदा हलवून दाखवतो आणि म्हणतो, "दोन मिनिटं थांबा, मंग पाहा."